सरहद्द ओलांडणारी फटफटी

गेल्या वर्षी आमच्या मामूंचे घर आवरायला काढले. मामू जाऊन दीड वर्ष झाले होते. माळ्यावर पत्र्याची एक पेटी सापडली. तिच्यात जुने पासपोर्ट होते, गल्फच्या दिवसांत पत्राऐवजी आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी होत्या आणि एका सुती रुमालात बांधलेल्या दोन वस्तू होत्या. एक होंडा मोटारसायकलची किल्ली आणि दुसरे अरबी अक्षरांतले छोटेसे पुस्तक. हे पुस्तक म्हणजे त्या गाडीचे नोंदणीपत्र. कुवेतमध्ये त्याला 'दफ्तर' म्हणतात. आपल्याकडे दफ्तर म्हटले की शाळेत जाणारे पोर आठवते. तिकडे दफ्तर म्हटले की गाडीचा मालक कोण, ते कळते.

किल्ली आहे, दफ्तर आहे. पण ती गाडी आमच्या गावात कधीच आली नाही. का आली नाही, हे सांगायला बसलो तर ती एकट्या मामूंची कहाणी राहत नाही. वापरलेली मोटारसायकल एका देशातून दुसऱ्या देशात सरळ मार्गाने आणणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीत आपल्या देशाचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

सुरुवात मुंबईच्या गोदीपासून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती मोटारसायकली लाकडी खोक्यांतून या बंदरात उतरू लागल्या. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन ही नावे इंग्रजांची, हार्ले आणि इंडियन ही अमेरिकेची. आपल्या माणसांना त्या नावांशी कर्तव्य नव्हते. कानाला जसे ऐकू आले तसे त्यांनी बारसे करून टाकले, फटफटी. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी पुरी झाली. तीच आजची इंदिरा गोदी. तिथला कायदा १८७८ सालचा, सी कस्टम्स ॲक्ट. आलेल्या मालाची किंमत ठरवायची, तीवर जकात घ्यायची आणि माल सोडायचा, असा त्याचा रोख होता. गाडी नवी आहे की वापरलेली, ती तुम्हाला कशाला हवी, तिच्यासाठी पैसा कुठून आणला, असे प्रश्न सरकारला फारसे पडत नव्हते. ज्याच्याकडे दाम, त्याची गाडी.

हे बदलले दुसऱ्या महायुद्धात. जहाजे युद्धाच्या कामी लागली, परदेशी चलन जपून वापरायची वेळ आली आणि मे १९४० मध्ये आयातीवर नियंत्रण सुरू झाले. आता केवळ जकात भरून भागत नव्हते. माल आणायला आधी परवाना लागू लागला. युद्ध संपले, पण परवाना संपला नाही. १९४७ साली आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा झाला आणि तो पंचेचाळीस वर्षे टिकला. इंग्रजांच्या काळात कस्टमचा शिपाई विचारायचा, "किती भरणार?" स्वतंत्र भारतात साहेब विचारू लागले, "कशाला आणता?"

त्या प्रश्नाला हसू नये. देश नवा होता, गरीब होता. १९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलादाचे कारखाने आणि यंत्रसामग्री यांपायी पौंडांची शिल्लक भराभर आटली आणि परकीय चलनाचा मोठा पेच उभा राहिला. अशा वेळी कोणी म्हणाले, मला विलायतेतून वापरलेली फटफटी आणायची आहे, तर सरकारला ते कसे रुचावे? डॉलर-पौंड धान्याला हवेत, यंत्रांना हवेत. दुसऱ्याने झिजवलेल्या टायरांवर ते उधळायचे नव्हते.

मात्र दार बंद झाले म्हणून माणसांची हौस संपत नाही. मुंबईत झेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली आणून विकणारे एक इराणी कुटुंब होते. गाड्या आणणे अशक्य झाले तेव्हा रुस्तुम इराणी यांनी गाडी आणण्याऐवजी कारखानाच आणला. १९६१ साली म्हैसूरमध्ये आयडियल जावाचे उत्पादन सुरू झाले. तिकडे मद्रासमध्ये १९५५ सालीच एन्फील्ड इंडिया उभी राहिली होती. लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट हवी होती. तिचे भाग विलायतेतून आणून जोडता जोडता ती गाडी इथलीच झाली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. बजाज मंडळींनीही आधी, १९४८ पासून, परदेशी वाहने आणूनच विकली होती. म्हणजे आज ज्यांना आपण अस्सल देशी गाड्या म्हणतो, त्यांची मुळे आयातीवर घातलेल्या बंधनात आहेत. इतिहासाने एक गंमतही केली. इंग्लंडमधला एन्फील्डचा मूळ कारखाना बंद पडला आणि १९७७ पासून मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागल्या. नात आजोळी राहायला जावी, तशी ती गाडी गेली.

या व्यवस्थेचा काच सामान्य माणसाला बसला तो रांगेच्या रूपाने. गाडीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलाच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर मुलगा शाळेत जाऊ लागला तरी यायची नाही. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र रांग नसे. आखातातला भाऊ दिनार-डॉलर भरायचा आणि इथला भाऊ महिन्या-दोन महिन्यांत कोरी स्कूटर घेऊन आळीत फेरी मारायचा. देशाला काय कमी पडत होते, ते अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताही त्या फेरीवरून कळत होते.

आता मामूंकडे येतो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडची आमची माणसे पूर्वी जहाजावर खलाशी म्हणून जायची. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि तीच माणसे आखातात जाऊ लागली. मामू १९७८ साली कुवेतला गेले. हात मेकॅनिकचा. एका गॅरेजमध्ये लागले. तिथे एका गिऱ्हाइकाने मोडकी होंडा दुरुस्तीला टाकली आणि खर्चाचा आकडा ऐकून ती नेलीच नाही. मामूंनी ती रीतसर विकत घेतली, स्वतःच्या नावावर करून घेतली आणि सुट्टीच्या शुक्रवारी एकेक भाग जोडत दीड वर्षात चालती केली. कॅसेटमध्ये त्यांनी आम्हाला तिचा आवाज ऐकवला होता. आजीने तो ऐकला आणि म्हणाली, "माझ्या लेकाला खोकला झाला की काय!"

गाडी गावी न्यायचीच, हे मामूंच्या मनाने घेतले होते. १९८८ साली ते रजेवर आले तेव्हा मला घेऊन मुंबईला गेले. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत आम्ही बसलो. मी तेव्हा अठरा वर्षांचा. त्या म्हाताऱ्या एजंटाने जे समजावले ते मला अजून आठवते. परदेशात काही वर्षे राहून कायमचे परतणाऱ्या माणसासाठी सरकारने एक वाट ठेवली होती. त्याला तिथे वापरत असलेले वाहन आणता येई. पण त्यासाठी आयात खात्याकडून आधी कस्टम्स क्लिअरन्स परमिट मिळवायचे. गाडी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या वापरात होती, हे दाखवायचे. तिकडच्या मुक्कामाचा पुरावा पासपोर्टच्या शिक्क्यांनी द्यायचा. आयात शुल्क भरायचे तेही परकीय चलनात, म्हणजे तिथे कमावलेल्या पैशातून.

"आधी परमिट, मग जहाज," एजंट बोट वर करून म्हणाले. "लोक उलटं करतात. गाडी गोदीत येऊन पडते, कागद पूर्ण नसतात, रोजचं डेमरेज चढत जातं. मग गाडीपेक्षा डेमरेज मोठं होतं आणि माणूस गाडी सोडून देतो." पुढचेही त्यांनी सांगितले. गाडी चढवण्याआधी टाकीतले पेट्रोल काढायचे, बॅटरीच्या तारा सोडायच्या, खोक्यात बसवायची. जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग मालकाच्याच नावाचे हवे. इथे बिल ऑफ एन्ट्री भरायचे. कस्टमचे अधिकारी खोके उघडून इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदाशी ताडून पाहणार. ते जुळले आणि शुल्क भरले की गाडी सुटली. त्यानंतर आरटीओत पासिंग. तिथे पुन्हा तेच दोन नंबर.

बाहेर आल्यावर मामू म्हणाले, "सगळं जमेल. एकच जमत नाही." ती एक अट होती कायमचे परतण्याची. गाडी आणायची तर नोकरी सोडून यायला हवे. घरात दोन बहिणींची लग्ने व्हायची होती, त्यांतली एक माझी धाकटी खाला. मामू म्हणाले, "दोन वर्षं आणखी."

दुसरी वाटही त्यांना दाखवली गेली होती, हे सांगितले पाहिजे. आमच्या किनाऱ्याला त्या काळी रात्रीच्या गलबतांतून काय काय उतरत होते, ते कोकणात कोणालाच नवे नव्हते. सोने, घड्याळे, ट्रान्झिस्टर, कापड. एका ओळखीच्या माणसाने सुचवले, की गाडी सुटी करू. इंजिन एकदा, चासी एकदा, बाकीचे सुट्या भागांत. इथे आल्यावर जोडू आणि भंगारातल्या एखाद्या गाडीचा नंबर चढवू. मामूंनी ऐकून घेतले आणि इतकेच म्हणाले, "गाडी माझी, मग तिच्यावर नाव मेलेल्या गाडीचं का? उद्या हवालदाराने विचारलं तर माझ्याच गाडीची ओळख मी लपवू?" हलाल-हरामचा मोठा उपदेश त्यांनी केला नाही. आपल्या हाताने जोडलेल्या यंत्राला खोटे नाव द्यायचे नाही, एवढीच त्यांची कारागिराची इभ्रत होती.

सरळ मार्गाने सरहद्द ओलांडण्याची आणखी एक तऱ्हा होती, ती प्रवाशांची. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातले तरुण मोटारसायकलीवर तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत भारतात येत. टेड सायमन या इंग्रज पत्रकाराने १९७३ ते १९७७ या काळात ट्रायम्फवर जगाची फेरी केली आणि त्या फेरीत तो भारतही फिरला. या लोकांच्या गाड्यांवर दर सरहद्दीला शुल्क का पडत नव्हते? कारण त्यांच्याकडे कारनेट नावाचे पुस्तक असे. त्यामागची कल्पना साधी आहे. प्रवाशाच्या देशातली मोटार संघटना हमी देते की ही गाडी परत जाईल. नाही गेली तर शुल्क आम्ही भरू. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेला तिसरा मालकाकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर हमीची रक्कम गेली. १९५४ साली न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात खासगी वाहनांच्या अशा तात्पुरत्या आयातीचे नियम ठरले. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आपल्याकडच्या प्रवाशांना हेच पुस्तक देत आली आहे. परदेशी गाडीला या पुस्तकावर भारतात सहा महिने राहता येई. पण पाहुणी म्हणूनच. तिला इथे विकता येत नसे.

मला या दोन वाटांमधला फरक फार बोलका वाटतो. कारनेटवाल्या गाडीला सरहद्द विचारते, "परत कधी जाणार?" आणि मामूंच्या गाडीला विचारते, "कायमचे आलात ना?" प्रवाशाला जाण्याचे वचन द्यावे लागते, परतणाऱ्याला राहण्याचे. ज्याचा एक पाय इथे आणि एक तिथे, त्या आखाती कामगारासाठी या दोहोंत जागा नव्हती. आणि आमच्या अर्ध्या गावाचे आयुष्य तसेच गेले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. तेव्हा तिथे सुमारे १,७०,००० भारतीय होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सहा आठवडे मामूंची खबर नव्हती. हजारो माणसे बसमधून, मिळेल त्या वाहनातून इराक ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मानला पोहोचत होती. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी जवळपास दोन महिन्यांत १,१०,००० हून अधिक माणसे मुंबईला आणली. मामू सहारच्या विमानतळावर उतरले तेव्हा त्यांच्या खांद्याला एक पिशवी होती. होंडा गॅरेजच्या मागच्या गल्लीत ताडपत्रीखाली राहिली. किल्ली खिशात राहून गेली होती. दफ्तर मात्र त्यांनी आठवणीने घेतले होते. बाबांनी विचारले, "हे कशाला आणलंस? गाडी तर गेली." मामू म्हणाले, "गाडी गेली. माझी होती हे तर जात नाही."

त्या वाक्याची किंमत पुढे कळली. युद्ध संपल्यावर १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जिनिव्हाला नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून आक्रमणात नुकसान झालेल्यांना भरपाई द्यायची, असे ठरले. भारत सरकारने आपल्या लोकांचे अर्ज गोळा करून पाठवले. ज्यांना केवळ देश सोडून पळावे लागले त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम होती. एकट्या माणसाने बाकी कशावरही दावा सांगायचा नाही असे लिहून दिले तर ४,००० डॉलर. दुसरे दावेही करायचे असतील तर २,५०० डॉलर. घरसामान, पगार, वाहन यांचे दावे वेगळ्या अर्जावर आणि त्यांना पुरावा हवा. वाहनासाठी त्या अर्जात स्वतंत्र जागाच होती.

गावातल्या बहुतेकांनी ४,००० वाला अर्ज भरला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कागद कोणाकडे होते? जीव वाचवून आलेल्या माणसाने पावत्या कुठून आणाव्यात? मामूंनी मात्र २,५०० वाला घेतला आणि वाहनाच्या रकान्यात होंडा लिहिली. दफ्तराची प्रत जोडली. इंजिन नंबर, चासी नंबर. "हातातले दीड हजार डॉलर घालवलेस," असे लोक म्हणाले. उत्तर यायला वर्षे लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पैसे आले आणि त्यात गाडीचीही भरपाई होती. सगळे मिळून सोडलेल्या रकमेहून फार जास्त भरले नाही. पण मामूंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावले. बॅलार्ड इस्टेटमध्ये ज्या दोन नंबरांचे महत्त्व आम्हाला समजावले गेले होते, तेच दोन नंबर जिनिव्हात कोणीतरी पाहिले होते आणि खरे मानले होते. ती गाडी सुटी करून, खोट्या नंबरावर आणली असती तर हे घडले नसते.

इकडे देशही बदलत होता. १९९२ साली १९४७ चा जुना कायदा जाऊन परकीय व्यापाराचा नवा कायदा आला. चलनाची तंगी आहे म्हणून आयात रोखतो, हे कारण जागतिक व्यापार संघटनेत टिकले नाही. अमेरिकेने केलेल्या तक्रारीत भारत हरला. ३१ मार्च २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची बंधने उठली आणि त्यांत वापरलेली वाहनेही आली. तेव्हा मोठी धास्ती होती. जपानमधल्या, युरोपातल्या टाकाऊ गाड्यांचा इथे ढीग पडेल, आपले कारखाने बसतील, धूर आपण खाऊ. म्हणून सरकारने दार उघडले आणि उंबरठा उंच केला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने वापरलेल्या मोटारी आणि मोटारसायकलींवर मूळ आयात शुल्कच १०५ टक्के लावले. बाकीचे कर त्यावर.

सोबतच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. गाडी बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. आल्यानंतर निदान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असावी आणि दुरुस्तीच्या सोयीची हमी द्यावी. वेग दाखवणारा काटा किलोमीटरमध्ये हवा. दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा. मान्य संस्थेकडून तपासणीचा दाखला हवा. अशा संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि तेव्हाच्या अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था होती. आणि वापरलेले वाहन उतरवायला संपूर्ण देशात एकच बंदर ठरवले गेले, मुंबई. कोची नाही, चेन्नई नाही, कोलकाता नाही. जुनी गाडी यायची तर आपल्याच दारातून.

किंमत ठरवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तुम्ही गाडी कितीला घेतली, यावर कस्टम विसंबत नाही. ती गाडी नवी असतानाची किंमत धरायची आणि तिच्यातून वयाप्रमाणे घट करायची. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, त्यापुढे २. कितीही जुनी झाली तरी घट ७० टक्क्यांच्या वर नाही. त्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवायचा आणि आलेल्या रकमेवर शुल्क लावायचे. म्हणजे मित्राने तुम्हाला गाडी फुकट दिली तरी सरकारच्या लेखी ती फुकट नसते.

नियम किती ताणायचे आणि किती सैल सोडायचे, हे दोन देशांच्या सौद्यावरही ठरते. याचे उदाहरण आपल्या आमराईतले आहे. अमेरिकेत भारतीय आंब्याला अठरा वर्षे बंदी होती. इथे हार्लेसारख्या मोठ्या मोटारसायकलींना धुराच्या नियमांवरून वाट नव्हती. एप्रिल २००७ मध्ये दोन्ही बाजू सैल झाल्या. ८०० सीसीवरच्या, युरो-३ धुराचे निकष पाळणाऱ्या नव्या गाड्यांना भारताने परवानगी दिली आणि लासलगावच्या केंद्रात विकिरण करून आपला हापूस अमेरिकेच्या विमानात चढला. कोकणातला आंबा गेला, तेव्हा अमेरिकेची फटफटी आली. अर्थात शुल्क कायम होते आणि त्यावरून दोन्ही देशांत पुढे बरीच वर्षे कुरबुर चालली.

२००१ साली वर्तमानपत्रातले नवे नियम मी मामूंना वाचून दाखवले होते. ते ओट्यावर बसून एका पोराच्या सायकलची साखळी बसवत होते. तीन वर्षांची अट ऐकून हसले. "म्हणजे माझी होंडा असती तरी आली नसती," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बरोबर आहे त्यांचं. प्रत्येकाने आपली म्हातारी गाडी आणली तर देशाचं भंगार होईल." स्वतःच्या विरुद्ध जाणारा नियम पटवून घेणारी माणसे आता फार भेटत नाहीत.

कवी असल्यामुळे मला शब्दांचा नाद आहे. सरहद्द, जकात, दफ्तर, जप्ती, परवाना, माफी हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. कोणत्या गोदीत उतरले, किती शुल्क भरले, कोणी विचारले नाही. वापरलेलेच शब्द होते, इथे आले आणि इथलेच झाले. यंत्राला ती सवलत नाही, आणि नसावीही. यंत्राला नंबर लागतो, मालक लागतो, कोणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते. पण यंत्राच्या मागे माणूस असतो. त्याने शुक्रवारच्या सुट्ट्या खर्चून ते जोडलेले असते, बहिणींच्या लग्नासाठी ते मागे ठेवलेले असते. नियम करणाऱ्याने देशाकडे पाहावे, ते रास्तच आहे. परमिटाच्या अर्जावर वाकलेल्या त्या माणसाकडेही अधूनमधून पाहावे, इतकेच म्हणणे आहे.

पेटीतली किल्ली मी परत रुमालात बांधली. दफ्तर मात्र माझ्या टेबलावर ठेवले आहे. गाडी आली नाही, पण तिची खरी ओळख आली, आणि तीही राजरोस.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)